घारीच्या कोठीतलं कणीस

मुंग्या घारीवर डोळे मिटून विश्वास ठेवायच्या, त्या काळातली ही गोष्ट. कुणाला काही पाठवायचं असलं, की ते झाडाच्या शेंड्यावरच्या घारीच्या कोठीत ठेवायचं आणि ज्याचं त्यानं तिथून न्यायचं, अशी रीत होती.

एकदा ओढ्यापलीकडच्या वारुळात पाणी शिरलं आणि तिथली पिल्लं उपाशी राहिली. अलीकडच्या रेवा मुंगीनं पलीकडच्या ताईसाठी ज्वारीचं अख्खं कणीस झाडावर ओढत नेलं. शेंड्याशी पोचताच घार म्हणाली, "फार मोठं आहे. खाली जा आणि दाणे सुटे करून आण." रेवानं एकेक दाणा वर चढवला. मग ताई न्यायला आली, तर घार म्हणाली, "मी तुला ओळखत नाही. आधी परवानगी आण." ताई रिकामी परतली.

रेवा तणतणत आजीकडे आली. आजी म्हणाली, "अगं, धीर धर. दाणे तिथं सुरक्षित आहेत ना?"

"कुणापासून, आजी? खाणाऱ्यांपासून?"

रेवानं मैत्रिणींना घेऊन दुसरं कणीस ओढलं आणि ओढ्यावर आडव्या पडलेल्या फांदीकडे निघाली. आजी फांदीवर वाट अडवून उभी राहिली. "कोठी असताना असं कुणी नेतं का? घारीला विचारलंस?"

"नाही," कणसाखालून रेवा म्हणाली. "आणि तुलाही विचारत नाही. हात लाव, नाहीतर बाजूला हो."

आजी पुटपुटत बाजूला झाली. दिवस मावळायच्या आत पलीकडची पिल्लं जेवली.