रुमालाखालचा सौदा

"सगळं समजावलंस, तर मग पेशंट ऑपरेशनला 'नको' का म्हणाला?" डॉक्टर रणनवरेंनी विचारलं.

सुश्रुतच्या हातातली स्कॅनची फिल्म काही खाली येईना. "तेच कळत नाही, मॅडम. गाठ परत आलीय, पण स्वरयंत्राबाहेर कुठेही पसरलेली नाही. इतकी निघण्याजोगी गाठ मी वर्षभरात पाहिली नाही."

पोराचे डोळे लकाकत होते. नाव सुश्रुत, हात सफाईदार, आणि दोन्हींचा त्याला पुरेपूर अभिमान.

"सांगितलंस कुठे?"

"वॉर्डात, राउंडला. मुलगा होता, सून होती. मागच्या किरणांनी गळ्याचं मांस कडक झालंय, जखम भरायला वेळ लागेल. छातीचं मांस वर घेऊन झाकू. स्वरयंत्र काढल्यावर आवाज कायमचा जाईल. पण त्यांच्यासारखे दहातले सहा वाचतात. पुन्हा नुसती किरणं घेतली, तर फारच थोडे."

"मोठ्यानं सांगितलंस?"

"म्हणजे... सगळ्यांना ऐकू जावं म्हणून."

"आणि तो?"

"तोंडावर चादर ओढून घेतली. मॅडम, आज निघेल ती गाठ महिन्यानं निघणार नाही. माणूस हातचा जाईल."

मॅडम उठल्या आणि त्याला घेऊन वॉर्डात गेल्या.

केरबा गावडे जन्मभर बैलबाजारात दलाली करत आलेले. आता गळ्यातून नुसती घरघर यायची. मॅडम त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

"केरबा, बाजारात तुम्ही बैलाचा भाव मोठ्यानं न सांगता रुमालाखाली बोटांनी का सांगता हो?"

चादर हळूच खाली आली.

"चारचौघांत सांगिटला की घेणाऱ्याला मन बदलाय जागा ऱ्हात न्हाई, डाक्टरीणबाई. एकदा न्हाई म्हणून बसला, की मग न्हाईच."

सुश्रुतचे कान तापले.

मॅडमनी उशाजवळचा केरबांचा रुमाल उचलला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

केरबा त्या हाताकडे बघत राहिले...

मग त्यांचा हात रुमालाखाली गेला.

रुमाल हलला. थांबला. पुन्हा हलला. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. केरबांनी भुवया चढवल्या, बोटं पुन्हा चाचपली. मुलगा आणि सून खाटेच्या पायथ्याशी उभे होते. सुश्रुत रुमालावरून नजर काढेना. पहिल्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा त्याची अशी गत झाली नव्हती.

एकाएकी केरबांनी मॅडमचा हात गच्च दाबला आणि गालातल्या गालात हसले. आपला हात बाहेर काढून त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"ह्येला कुठं आवाज लागतुया," ते घरघरले. "कवा घेतासा आत?"

सुनेनं डोळ्यांना पदर लावला. सुश्रुतला आनंदानं काय करावं कळेना. तो मॅडमच्या मागे जवळजवळ पळतच व्हरांड्यात आला.

"मॅडम, तुम्ही सहापेक्षा जास्त सांगितले?"

"सहाच."

"मग ते काय म्हणाले? किती मागितले त्यांनी?"

मॅडम चालता चालता थांबल्या.

"रुमालाखालचं तिसऱ्यानं विचारायचं नसतं, डॉक्टर."