शेवटच्या पानावरचा नवरदेव

आंबेदरी गावात तुळशीराम नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? "जरा थांब" म्हटलं, तर दुपारपर्यंत उन्हात उभा राहील. पण मनाचा सोन्यासारखा हो!

अनसूयाकाकू गावात वधू-वर मंडळ चालवायच्या. स्थळांची माहिती कॉम्प्युटरात भरायची आणि याद्या छापायच्या, हे तुळशीरामचं काम. दुसऱ्यांची लग्नं छापता छापता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. वयाची तेहतीस वर्षं उलटली होती. त्यातच माळेवाडीच्या सुमनचा फोटो आणि माहिती भरताना त्याने वाचलं, 'अपेक्षा: मुलगा खोटं बोलणारा नसावा.' झालं! गड्याची झोपच उडाली. काकूंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "याद्या नीट छाप. पुढच्या वधू-वर मेळाव्यात तुझंही पान ठेवू."

पहिली यादी त्याने एकाच पानात कोंबली. नातीसाठी स्थळ बघायला आलेल्या बाळूआजोबांनी भिंग लावलं, तरी त्यांना नवरदेवाचं वय कुठलं आणि उंची कुठली ते कळेना. काकू ओरडल्या, "अरे, अक्षर मोठं ठेव! लांबून वाचता आलं पाहिजे."

"बरं काकू."

दुसऱ्या दिवशी एका मुलाला मुलीकडचा नकार छापून कळवायचा होता. तुळशीरामने अक्षर मोठं ठेवलं. इतकं, की एका पानावर एकच शब्द मावला. लांबून वाचता येतं का हे बघायला त्याने चारही पानं एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवली आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. वाचता आलं. सगळ्या बाजारालाच आलं: 'केरबा. नापसंत. टक्कल. क्षमस्व.'

केरबा आठ दिवस टोपी घालून घरात बसला. काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, चारचौघांत असं कुणाचं नाव दिसू द्यायचं नसतं!"

"बरं काकू."

मग मुलींची यादी छापायची आली. तुळशीरामने नावांचा रकानाच काढून टाकला. शिक्षण आहे, उंची आहे, पत्ता आहे, नाव नाही. 'बी.ए., पाच फूट, मारुतीच्या देवळामागे' एवढंच वाचून तीन घरची माणसं एकाच दारात, एकाच वेळी हजर! पोहे पुरेनात. घरात मुलीही तीन, त्यातल्या दोघींची लग्नं झालेली.

आता मात्र काकूंचा पारा चढला. "बिननावाचं स्थळ म्हणजे फसवणूक! कुणी विचारलं, तर सरळ सांग, बघू नका म्हणून. आणि मेळाव्याला एकेका मुलाचं एकेक पान छाप. नाव हवं! ठळक! प्रत्येक पानाच्या माथ्यावर!"

"बरं काकू."

माथ्यावर एकदा नाव टाकलं की ते सगळ्या पानांवर आपोआप उमटतं, एवढं त्याला येत होतं. कुणाचं टाकायचं, ते काकूंनी सांगितलं नव्हतं. त्याने आपलं टाकलं. एकसष्ट पानांवर, ठळक. शेवटचं पान त्याचं स्वतःचं. 'माझ्याच पानावर माझं नाव कशाला? मला ठाऊक आहे की!' असं म्हणून त्याने तिथलं तेवढं काढून टाकलं.

मेळाव्यात नुसता गोंधळ. "डॉक्टर तुळशीराम कोण?" "सहा फुटी तुळशीराम कुठाय?" "ट्रॅक्टरवाला तुळशीराम आमचा हं!" काकू माईकवरून ओरडून ओरडून घसा बसवून घेत होत्या.

एवढ्यात तुळशीरामच्या टेबलापाशी एक बाई आल्या. मागे सुमन! त्याने झटकन आपली खुर्ची पुढे केली. बाईंच्या हातात शेवटचं पान होतं.

"आम्ही माळेवाडीचे. हा मुलगा बघा ना. कॉम्प्युटर चालवतो, भाकरी थापतो, उलटून बोलत नाही. सुमनने सगळी पानं वाचली, तिला हाच पसंत आहे. कोण हो हा?"

तुळशीरामने पान घेतलं. माथा बघितला. कोरा!

"मावशी, हे बिननावाचं स्थळ. फसवणूक असते. बघू नका."

"अगंबाई! असं आहे होय?" मावशींनी सुमनचा हात धरला आणि दोघी पाचच्या एसटीने निघून गेल्या. तो त्यांना स्टँडपर्यंत सोडून आला. पिशवीसुद्धा त्यानेच धरली.

संध्याकाळी सतरंज्या गोळा करताना काकूंनी बसल्या आवाजात विचारलं, "काय रे, तुझं पान कुणी मागितलं का?"

"माझं नाही कुणी मागितलं, काकू," तुळशीराम म्हणाला. "पण ती सुमन एका लबाडाच्या नादी लागत होती. वेळेवर वाचवली!"