वाकलेली मान

वाचनालयाच्या वार्षिक समारंभात अध्यक्ष दादासाहेब जिरगे भर सभेत कडाडले, "ही कादंबरी आपल्या कपाटात राहणार नाही! तोंडानं 'नको, नको' म्हणत हारासाठी आधीच मान वाकवणारा तो अध्यक्ष कोणावरून घेतलाय, ते सगळ्या गावाला कळतंय. मी माझं मन तपासून पाहिलंय. सत्काराची हाव मला उरलेली नाही."

लेखिका इंदुताई करमळकर उठल्या. "दादासाहेब, ती मान माझी आहे. गेल्या वर्षी माझा सत्कार होता, तेव्हा तोंड नको म्हणत होतं आणि मान खाली गेली होती. लाज वाटली, म्हणून कादंबरीत तिला मिशा लावल्या. पण ती तुमची असेल, तर तसं लोकांना सांगा. पुस्तक मी आत्ता घेऊन जाते."

दादासाहेब खाली बसले. पुस्तक कपाटात राहिलं.

मग चिटणीस हार घेऊन आले. दादासाहेब "नको, नको" म्हणत उभे राहिले, पण आज मान ताठ. ते उंचेपुरे, चिटणीस बुटके. हार काही गळ्यापर्यंत पोचेना. शेवटी तो टेबलावर परत गेला आणि दादासाहेबांची नजर त्याच्या मागोमाग गेली.

"नजरही माझीच हं," इंदुताई म्हणाल्या. "पुढच्या कादंबरीत घेते."