डाव्या पायाचा ठोका

“म्हणजे पाय गेला तरी चालेल, पण बसायचं नाही... असंच ना?” आत्मगिरी बाबांनी विचारलं.

“असंच, बाबा,” केवलगिरी म्हणाला. आवाजात ताठा होता.

ताठा असणारच. तापीकाठच्या त्या मठात तो खडेश्वरी म्हणून नावारूपाला आला होता. एक तपभर बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही, असा त्याचा नेम. झोपायचं तेही टांगलेल्या झोपाळ्याच्या फळीवर छाती टेकून, उभ्यानंच. नेम पुरा व्हायला थोडेच महिने उरले होते. लोक लांबून येत, त्याच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवत, आणि त्याला ते मनापासून आवडे.

आता डाव्या पायाची बोटं काळीनिळी पडली होती. करंगळीजवळची जखम भरायचं नाव घेत नव्हती.

सकाळीच निकुंभ डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. भीड न ठेवता म्हणाल्या, “पायात रक्त पोचत नाहीये, महाराज. आधी ती चिलीम बंद. मग गोळ्या. रक्ताची नळी किती तुंबलीय ते बघून आत फुगा घालून उघडता येईल, नाही तर दुसरी शीर जोडून रक्ताला वाट काढून देता येईल. जखम भरली की रोज चालणं. पण त्यासाठी टेबलावर आडवे तर व्हाल ना? उशीर केलात, तर पाय काढणं एवढंच उरेल.”

केवलगिरीनं हसून मान फिरवली होती.

बाबांनी वाद घातला नाही. धुनीजवळून उठले आणि शिष्याच्या पायांशी येऊन जमिनीवर बसले.

“बाबा! हे काय करताय?”

बाबांनी त्याच्या उजव्या घोट्यामागे दोन बोटं टेकवली. डोळे मिटले...

“आहे... आहे रे!” म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“काय आहे?”

“हात लावून बघ.”

केवलगिरी वाकला. हात पोचेना. गुडघे लाकडासारखे झालेले. बाबांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते त्या पावलात रमले होते. देवापुढेही ते असे हरखलेले त्यानं कधी पाहिले नव्हते.

असं आहे तरी काय तिथं?

झोपाळ्याची दोरी धरून तो खाली सरकला... आणि बसला.

बाबांनी त्याचं बोट घोट्यामागे ठेवलं.

ठक... ठक... ठक.

“रक्त छातीपासून इथवर येतं,” बाबा कुजबुजले. “आईच्या पोटात होतास तेव्हापासून. एकदा तरी बसलंय का?”

केवलगिरीच्या अंगावर काटा आला. ज्या पायांवर लोक डोकं ठेवत, त्यांत हे चाललं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. त्यानं घाईनं डाव्या घोट्यामागे बोट नेलं.

तिथं काहीच नव्हतं. दाबलं, सरकवलं, पुन्हा दाबलं... मग कुठे खोल, पुसट असा एक ठोका लागला.

“इथंही येतंय, बाबा... अजून येतंय!” तो लहान मुलासारखा रडू लागला. “डॉक्टरीणबाईंना बोलवा.”

मग त्याचं लक्ष स्वतःकडे गेलं. तो जमिनीवर होता.

“बाबा... माझं तप मोडलं?”

बाबांनी त्याची चिलीम उचलली आणि धुनीच्या दगडावर आपटून फोडली.

“तप तर ते रक्तच करत होतं, केवल. तू त्याच्या वाटेत उभा होतास.”