पानांखालची धाकटी

एक मुलूख होता, तिथे वर्षातले चार महिने हवेला दात फुटत. त्या दातांनी जे धरलं ते सकाळी काळं पडलेलं दिसे. त्या मुलखात जासू नावाची जास्वंद राहत होती आणि तिच्या तीन लेकी, थोरली, मधली नि धाकटी. लेकी म्हणजे तिच्याच अंगावरचे शेंडे.

दात फुटायच्या आधी मोठे हात येत. ते कुणाचे, हे कुणी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी हातांनी जासूची कुंडी बंद ओसरीत आणली, तिचे तीन शेंडे छाटले, तीन मुठीएवढ्या कुंड्यांत खोचले आणि तिच्यासमोर फळीवर मांडले. मग ते आठवड्यातून एकदा पाण्यापुरते येत. कापल्याचं दुखणं जासूने सोसलं. पण लेकी वीतभर अंतरावर असून आपली फांदी पोचत नाही, हे तिला सोसवेना.

ओसरीला काचेची खिडकी एकच, ऊन यायचं ते तिथूनच, आणि ती वेलकाकीने व्यापलेली. वेलकाकी म्हणजे कृष्णकमळाची वेल. तिची बारीक कुरळी बोटं कुठेही पोचत. मागे एका हिवाळ्यात एक शेंडा मूळ न धरता कुंडीतच कुजला, बुरशी उठली आणि फळीवरची सगळी पोरं गेली. तेव्हापासून रीत पडली, की पाण्याच्या दिवशी वेलकाकीने एकेक पोर उपसून पाहायचं. मूळ दिसलं तर ते राहिलं, नाही दिसलं तर त्याच्यावर नजर ठेवायची. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळे घाबरलेले होते, एवढंच.

पहिल्या पाहणीला तिघींनाही काही नव्हतं. वेलकाकीने त्यांना परत खोचलं आणि "अजून नाही" म्हणाली. कुंड्याकुंड्यांतून कुजबुज गेली.

जासूचं धाबं दणाणलं. काचेपलीकडे काळे पडलेले झेंडू उभे होते. ती त्यांच्याकडे पाही, मग लेकींकडे पाही. आठ दिवस थांबणं तिला होईना, म्हणून अधल्यामधल्या दिवशीही ती आर्जव करी, "काकी, एकदा बघता का? थोरलीचं पान आज जरा ताठ वाटतंय." वेलकाकी बोट लांबवी, उपसून पाही, नाही म्हणे. कोपऱ्यातली कोरफडआजी एकदा बोलली, की बाई, तू देव पाण्यात ठेवलेस ते ठीक, पण ते बुडालेत का म्हणून घडीघडी काढून कशाला बघतेस. जासूला ते लागलं. ती म्हणाली, तुझी पिल्लं तुझ्या पोटाला चिकटूनच येतात, तुला काय कळायचं.

थोरलीचं बूड काळं पडलं. हात आले आणि त्यांनी तिला दाराच्या फटीतून बाहेर टाकलं. सकाळी ती झेंडूंसारखी झाली होती. ओसरी म्हणाली, बघा, तिने धरलंच नव्हतं. जासूही तेच म्हणाली.

पुढच्या पाहणीला मधलीला वर काढलं तेव्हा ऊन तिरपं आलं होतं. त्या उन्हात जासूला दिसलं, की मातीच्या भोकात केसाएवढं पांढरं काहीतरी तुटून राहिलंय. "नाही," वेलकाकी म्हणाली. आठ दिवसांनी मधलीही फटीतून गेली.

जासूला आपली एकेक हाक आठवली. कुठल्या दिवशी, ऊन कुठे होतं, कुठल्या लेकीसाठी, सगळं.

त्या दिवसापासून ती आपली पानं सोडू लागली. थंडीत झाड पान टाकतंच, कुणाला नवल वाटलं नाही. ती एकेक पिवळं करी आणि नेमकं धाकटीवर टाकी. पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत जासू बोडकी झाली होती आणि फळीवर नुसता पाचोळा दिसत होता.

"जासू, धाकटी कुठंय?"

"गेली, काकी."

"मला न दाखवता?" बोट पाचोळ्यावर येऊन थांबलं.

"माझं रडून झालंय. तेवढी पानं राहू दे तिच्यावर."

बोट मागे गेलं. हातांनी सवयीने त्याही कुंडीत चार थेंब टाकले.

मग खरी भीती सुरू झाली. पानांखाली काय चाललंय हे आता जासूलाही दिसत नव्हतं. ओल्या मातीचा वास आला की तिला बुरशीच वाटे. आपण लेक झाकली की पुरली, हे विचारायला कुणी नव्हतं. हाक ओठाशी येई आणि ती गिळी. असे दोन महिने गेले.

हवेचे दात गळाले, तेव्हा पाचोळा हलला आणि एक हिरवं टोक वर आलं.

"खोटं बोललीस," वेलकाकी म्हणाली. तिचा आवाज रागाचा कमी, भीतीचा जास्त होता. तिने तीन बोटं गुंडाळली आणि ओढलं. धाकटी आली नाही. तिने सगळ्या बोटांनी ओढलं, तेव्हा धाकटीबरोबर कुंडीच उचलली गेली. कुंडीच्या बुडाच्या भोकातून पांढऱ्या मुळांचा झुबका लोंबत होता, आणि फळीची एक ढलपी त्याला धरून वर आली होती.

वेलकाकीने कुंडी फार हळू खाली ठेवली.

त्या उन्हाळ्यात मायलेकी अंगणात शेजारीशेजारी फुलल्या. हिवाळा आला तेव्हा हातांनी दोघींचे मिळून सात शेंडे फळीवर मांडले. पाण्याचा दिवस उजाडला. वेलकाकीने बोटं आत वळवून घेतली आणि खिडकीवरचं आपलं एक मोठं पान सोडून दिलं. त्या पानाएवढं ऊन खाली फळीवर पडलं.