टिंगीचे दाणे आणि चिमूटभर बर्फ

फार फार पूर्वी, थंडी काही केल्या जाईना, तेव्हाची ही गोष्ट. एक होती उंदरीण. नाव तिचं टिंगी. तिला पिल्लं चार. घराशेजारच्या बिळात तिनं दाणे भरून ठेवले होते. सकाळी बघते तर काय! बिळाच्या तोंडावर बर्फ!

पिल्लं ओरडली, "चीं चीं! भूक! भूक!"

टिंगी म्हणाली, "बर्फदादा, हल की! पिल्लांना दाणा मिळेना!"

बर्फदादा म्हणाला, "मी नाही हलणार. समुद्रातली पाणीमावशी ऊब घेऊन आली, तर हलेन."

"काय मेली कटकट!" टिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाणीमावशी, ये की! बर्फदादा हलेना, पिल्लांना दाणा मिळेना!"

पाणीमावशी म्हणाली, "मी नाही येणार. माझ्यावर बर्फाचं झाकण आहे. झाकणताई सरकली, तर येईन."

"घ्या! आता झाकण!" तुरुतुरु, तुरुतुरु.

"झाकणताई, सरक की! पाणीमावशी येईना, बर्फदादा हलेना, पिल्लांना दाणा मिळेना!"

झाकणताई म्हणाली, "मी नाही सरकणार. वारामामा इकडे वळला, त्यानं ढकललं, तर सरकेन."

"हिला ढकलायलाही माणूस हवा!" तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारामामा, वळ की! झाकणताई सरकेना, पाणीमावशी येईना, बर्फदादा हलेना, पिल्लांना दाणा मिळेना!"

वारामामा म्हणाला, "हूंऽऽ! मी नाही वळणार. बर्फाचे डोंगरआजोबा उंच झाले, त्यांना मी अडखळलो, तर वळेन."

"एवढे मोठे आजोबा! अजून उंच?" टिंगीचे पाय दुखले. तरी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"डोंगरआजोबा, उंच व्हा की! वारामामा वळेना, झाकणताई सरकेना, पाणीमावशी येईना, बर्फदादा हलेना, पिल्लांना दाणा मिळेना!"

डोंगरआजोबा म्हणाले, "मी नाही होणार. चिमूटभर कमी पडतोय. कुणी चिमूटभर बर्फ घातला, तर होईन."

आता मात्र टिंगी भडकली. "जो तो आपला मी नाही, मी नाही! मीच घालते!"

तिनं चिमूटभर बर्फ उचलला. चढली, घसरली, पुन्हा चढली. आजोबांच्या डोक्यावर बर्फ आपटला. थप्प!

आजोबा उंच झाले. वारामामा वळला, सूंऽऽ! झाकणताई सरकली, कर्रर्र! पाणीमावशी आली, खळखळ खळखळ! बर्फदादा वितळला, टप टप टप! इतके दिवस अडून बसलेली थंडी एका झटक्यात पळाली.

पिल्लांना दाणे मिळाले. कुटुकुटु, कुटुकुटु. पोटं टम्म फुगली.

मग धाकटं पिल्लू म्हणालं, "आई, उकडतंय!"

टिंगीनं डोळे वटारले. "मुकाट्यानं झोप!"