पिंगळाची खोड

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी शंखपूर नगरात संयम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कुत्री राखणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. वयात आल्यावर तो तक्षशिलेला गेला, बारा वर्षे अनेक विद्या शिकला, आणि राजदरबाराची वाट न धरता पुन्हा वडिलांच्या अंगणात येऊन बसला. तिथे शिरीषाच्या झाडाखाली लोक आपापली कुत्री घेऊन येत आणि त्यांच्या खोडी मोडून मागत. सोनाराचा कुत्रा पाहुण्यांच्या दोन वहाणांपैकी एकच पळवी आणि दुसरीकडे ढुंकूनही पाहत नसे. तेलिणीची कुत्री घाण्याच्या बैलावर दर फेरीला नव्याने भुंके, जणू तो आत्ताच कुठूनसा आला आहे. एका व्यापाऱ्याचा धिप्पाड कुत्रा तर चोरांचेही हात चाटी.

"याला जरा रागीट करून द्या, आर्य," व्यापारी म्हणाला.

"घरात त्याच्यावर कधी कोणी रागावलं आहे का?"

"छे, छे! फार लाडका आहे तो."

"मग बिचाऱ्याने राग आणावा तरी कुठून?" बोधिसत्त्व म्हणाला, आणि व्यापाऱ्यालाही हसू आले.

एके दिवशी त्या अंगणात नंदक नावाचा नावाडी आला. त्याच्या मागे पिंगट रंगाचा, एक कान दुमडलेला कुत्रा होता. कुत्र्याचे नाव पिंगळ. नंदक बराच वेळ उभाच राहिला. पाण्यावर जन्म गेलेल्या माणसाला अंगणात कुठे बसावे ते कळत नव्हते.

"आर्य, याला मी जिवापाड जपतो," अखेर तो म्हणाला. "पण याला एक खोड आहे. माझी नाव काठावरून सुटली, की हा रडतो आणि पाण्यात उडी घेतो. पोहत नाव गाठतो, वर चढतो आणि अंग झाडतो. परवा नावेत राजपुरोहित होते. नवं रेशमी उपरणं पांघरून यज्ञाला निघाले होते."

"भिजले?"

"नखशिखांत. वर घाटाधिकारी मला म्हणाले, तुझी नाव आहे की कुत्र्याचं न्हाणीघर?" नंदक हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "पौर्णिमेला राजकन्या सासरी निघायची आहे. पैलतीरी तिला माझीच नाव नेणार. त्या दिवशी हा पाण्यात उतरला, तर गळ्यात धोंडा बांधून याला डोहात सोडायचं, असा घाटाधिकाऱ्यांचा हुकूम आहे. पंधरा दिवस उरले आहेत."

"बांधून ठेवून पाहिलंस?"

"दोर चावून आला. तुटका दोर वल्ह्यात अडकला आणि हा बुडता बुडता वाचला. कोंडलं तर दाराखालची माती उकरून आला. पंजे रक्तबंबाळ झाले होते."

बोधिसत्त्वाने पिंगळाचे पंजे उचलून पाहिले. मग सहज विचारावे तसे त्याने विचारले, "हा कधी मागे राहिला होता का रे?"

नंदकाला उन्हाळ्यातला एक दिवस आठवला. पण तोंडातून शब्द आला तो, "नाही."

बोधिसत्त्वाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. हा लाडावलेल्या प्राण्याचा हट्ट असावा असे धरून त्याने उपाय सांगितला. नाव सुटण्याआधी पिंगळाला काठावर बसवायचे आणि पुढ्यात भाजलेला मासा ठेवायचा. पाच दिवस नंदकाने तसे केले. पाचही दिवस पिंगळाने मासा सोडून उडी घेतली. पाचव्या दिवशी तर मासा तोंडात धरूनच उडी घेतली, आणि काठावरच्या नावाड्यांची हसून पुरेवाट झाली.

"नंदका, आता त्याच्यासाठी जेवणाचं ताटही नावेत वाढ!" मकरक नावाचा नावाडी ओरडला.

सहाव्या दिवशी बोधिसत्त्व स्वतः नावेत येऊन बसला. नंदकाने नेहमीची आरोळी ठोकली, "सुटली होऽ!" वल्हे पाण्यात पडले. काठावर पिंगळ थरथरू लागला. नाव गाठून तो वर चढला तेव्हा त्याने अंग झाडले, बोधिसत्त्वाला भिजवले, आणि नंदकाच्या पायांत शिरून पडून राहिला.

बोधिसत्त्वाने तोंड पुसले. "गमतीसाठी उडी मारणारा कुत्रा शेपूट वर ठेवतो, नंदका. याची पोटाखाली गेलेली आहे. याला खोड लागलेली नाही, याला भीती बसली आहे. ती कुठे बसली, ते मला ठाऊक नाही. मी चुकीचा उपाय करून याचे पाच दिवस घालवले."

चूक त्या माणसाची नव्हती, आणि तो ती आपल्या अंगावर घेत होता. नंदकाला ते सोसवेना. त्याने वल्हे आत ओढले. नाव प्रवाहात हळूहळू वाहू लागली.

"चुकलात ते माझ्यामुळे," तो म्हणाला. "मी तुमच्याशी खोटं बोललो."

मग त्याने सांगितले. पिंगळ चार महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. नदीच्या मधोमध वाळूचे बेट आहे, तिथे उन्हाळ्यात कलिंगडे पिकतात. कलिंगडे भरायला नाव तिथे लावली, तेव्हा पिल्लू खाली उतरले होते. नंदकाने आरोळी दिली, नाव सुटली, आणि जेमतेम एका वल्ह्याच्या अंतरावर गेल्यावर पिल्लू वाळूवरून रडत धावताना दिसले.

"एका वल्ह्याचं अंतर, आर्य. हात लांब केला असता तर काठी वाळूला लागली असती. पण आमच्या लोकांत सुटलेली नाव माघारी वळवत नाहीत. आरोळी दिली की पैलतीर गाठायचं. वळवली तर नदी रागावते म्हणतात. नावेत दहा माणसं होती. एका पिल्लासाठी नाव वळवू कशी? म्हटलं, पुढच्या खेपेला घेईन. आणि त्याच दुपारी वरच्या डोंगरात पाऊस झाला, नदी चढली. तीन दिवस नाव घालता आली नाही."

"चौथ्या दिवशी?"

"बेट उरलंच नव्हतं. वाहून आलेल्या ओंडक्यांचा एक ढीग होता, त्याच्यावर हा उभा होता. ओरडून ओरडून आवाज गेला होता. मला पाहून शेपूट हलवली." नंदकाने पायांतल्या पिंगळाच्या ओल्या पाठीवर हात ठेवला. मग तो म्हणाला, "याची खोड मोडा म्हणून मी दारोदार फिरलो. खोड तर मीच लावली होती."

बोधिसत्त्वाने त्याला दोष दिला नाही. "तू वल्हवत गेलास आणि मागे बघत राहिलास. अजूनही बघतो आहेस," तो म्हणाला. "आता उपाय सापडला. तो कठीण आहे. पिंगळाला नाही, तुला."

उपाय असा होता. नंदकाने आरोळी द्यायची, नाव एक वल्हे पुढे न्यायची, आणि पिंगळाची भीती जागी होण्याआधी परत काठाला लावायची. मग पुन्हा. ती खेप शांतपणे झाली, की दोन वल्ही. मग चार.

"म्हणजे सुटलेली नाव वळवायची?" नंदकाने विचारले.

"हो."

"सगळ्यांच्या देखत?"

"घाटावर तर सगळे असणारच."

त्याच संध्याकाळी घाटाधिकारी बोधिसत्त्वाच्या अंगणात आला. "एवढा खटाटोप कशाला?" तो म्हणाला. "काटेरी पट्टा घाला, दोन दिवस उपाशी ठेवा, मारून बसवा. पौर्णिमेला कुत्रं जागचं हललं नाही, तर राजाच्या श्वानशाळेचं प्रमुखपद तुमचं. शंभर शिकारी कुत्री, दगडी वाडा. तक्षशिलेची विद्या या धुळीत कशाला घालवता?"

"तो बसेल, पण आतून मोडलेला असेल," बोधिसत्त्व म्हणाला. "ते करायला विद्या लागत नाही."

"आणि पौर्णिमेला त्याने उडी घेतली तर?"

"तर धोंडा बांधताना मी तिथे असेन, आणि आधी माझ्याशी बोलावं लागेल."

घाटाधिकारी पाय आपटत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून शंखपूरच्या घाटावर रोज तमाशा होऊ लागला. "सुटली होऽ!" नंदक ओरडे, एक वल्हे मारी, आणि नाव परत काठाला लावी. तो खाली उतरून पिंगळाच्या दुमडलेल्या कानामागे खाजवी आणि पुन्हा नावेत चढे.

"काय रे, काही विसरलास का?" मकरक विचारी.

"हो, विसरलो होतो," नंदक म्हणे.

"नदी रागावेल तुझ्यावर!"

"तिची मी माफी मागेन. याची आधी मागू दे."

पहिल्या दिवशी नंदकाचे कान शरमेने लाल झाले. तिसऱ्या दिवशी त्याला हसणारे दिसेनासे झाले. त्याला फक्त पिंगळाची शेपूट दिसे. ती आधी पोटाखालून बाहेर आली, मग सरळ झाली. आठव्या दिवशी नाव मध्यधारेपर्यंत जाऊन परत आली, आणि पिंगळ काठावर पुढचे पंजे जोडून बसून राहिला. घशातून बारीक आवाज येत होता, पण तो बसून राहिला. नंदक नावेतच रडला.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. घाटावर तोरणे लागली, शिंगे वाजली. पिंगळ बोधिसत्त्वाच्या शेजारी मोकळा बसला होता. चार पावलांवर एक शिपाई धोंडा आणि दोर घेऊन उभा होता. राजकन्या नावेत बसली. ती जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती. राणी काठावर ताठ उभी होती, कारण राणीने रडायचे नसते.

"सुटली होऽ!"

वल्हे पाण्यात पडले. सर्वांचे डोळे कुत्र्याकडे वळले. पिंगळाचे अंग एकदा थरथरले. मग त्याने पुढच्या पंजांवर हनुवटी टेकली.

नंदकाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेवढ्यात त्याला मागून तोच आवाज ऐकू आला. ओरडून बसलेल्या घशातून येतो तसा बारीक आवाज. त्याने दचकून काठाकडे पाहिले. पिंगळ गप्प होता. रडत होती ती राजकन्या. तोंडावर पदर दाबून, आवाज बाहेर पडू नये म्हणून धडपडत ती काठाकडे पाहत होती. नाव एका वल्ह्याच्या अंतरावर होती.

नंदकाने क्षणभरही विचार केला नाही. त्याने वल्हे उलटे मारले.

"अरे मूर्खा!" घाटाधिकारी किंचाळला. "वधूची नाव माघारी? केवढा अपशकुन!" घाटावरचे सगळे नावाडी उठून उभे राहिले. पण नाव काठाला लागली होती. राजकन्येने खाली उडी घेतली आणि आईच्या गळ्यात पडली, आणि राणी सर्वांच्या देखत मोठ्याने रडली.

बऱ्याच वेळाने डोळे पुसून राणीने घाटाधिकाऱ्याकडे पाहिले. "याला काही बोलू नका," ती म्हणाली. "इतका वेळ मला वाटत होतं, या काठावरून गेलेली नाव परत येतच नाही." मग तिची नजर शिपायाच्या हातातल्या धोंड्याकडे गेली. तो कशासाठी आणला आहे हे कळल्यावर तिने तो तिथल्या तिथे डोहात टाकायला लावला.

दुसऱ्यांदा नाव सुटली तेव्हा राजकन्या शांत होती. तेव्हापासून शंखपूरच्या घाटावर चाल पडली. मुलगी सासरी निघाली, की नाव एक वल्हे पुढे न्यायची, परत काठाला लावायची, आणि मगच पैलतीरी जायची. पहिल्यांदा असे करणाऱ्या जुन्या नावाड्यांत मकरकही होता. पिंगळ म्हातारा होऊन नंदकाच्या नावेतच मेला. भिजल्यावर माणसांत येऊन अंग झाडण्याची त्याची खोड मात्र शेवटपर्यंत गेली नाही, आणि नंदकाने ती घालवायलाही कोणाला सांगितले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली, तेव्हा समोर एक तरुण भिक्षू मान खाली घालून बसला होता. त्याचे गुरू, स्थविर उपसोम, भिक्षेला निघाले की तो कासावीस होऊन त्यांच्या मागे धावे, आणि याची ही खोड मोडा असे इतर भिक्षू म्हणत होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा पिंगळ म्हणजे हा तरुण. नावाडी नंदक म्हणजे स्थविर उपसोम. याला खोड लागली आहे असे सर्वांत मोठ्याने म्हणणारा भिक्षू तेव्हा घाटाधिकारी होता, आणि आज तो पुष्कळ निवळला आहे. राणी होती ती रोज या दाराशी भिक्षा घालणारी उपासिका. शिरीषाखाली बसलेला तो कुत्री राखणारा मीच होतो."

स्थविर उपसोम दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्षापात्र घेऊन निघाले, विहाराच्या दारापर्यंत गेले, आणि परत फिरून त्या तरुणाशेजारी थोडा वेळ बसले.

याला मैत्री म्हणतात.